चौथा ट्रॅक

चौथा ट्रॅक सुरू झाला आणि हसीबच्या अब्बांनी, अमीनचाचांनी डावा हात वर केला. उजवा कोपराखाली नव्हता.

"थांबव."

हसीबने लॅपटॉपची कळ दाबली. अब्बांनी तीन ट्रॅक निमूटपणे ऐकून घेतले याचंच त्याला नवल वाटत होतं. पहिला संपल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "मिक्सरमध्ये चमचा पडलाय वाटतं." हसीबचा दोस्त पुनीत पोट धरून हसला होता.

अल्बमचं नाव 'चुनी'. डाळ भरडल्यावर उरणारा चुरा, जनावरांना घालतात ती चुनी. गिटार हसीबची. बाकी सगळे आवाज पुनीतने आणले होते, त्याच्या वडिलांच्या, पारसमलशेठच्या दालमिलमधून. ते निम्म्या वेगाने वाजवायचे, त्यांच्यावर डिस्टॉर्शनची घरघर चढवायची, अशी त्याची पद्धत. अल्बमभर ड्रम कुठेच नव्हता. मिलच ड्रम होती. त्याच मिलमध्ये अमीनचाचांचा हात गेला होता, म्हणून हसीब आधी कचरत होता. "वाजवा की," अब्बाच म्हणाले होते. "मशिनीचा काय गुन्हा?"

"मागे घे थोडं," आता ते म्हणाले.

स्पीकरमधून जड, संथ ठोके आले. जमिनीखालून यावेत तसे. तीन. मग शांतता. पुन्हा तीन. कपाटाची काच थरथरली. अमीनचाचांचा डावा अंगठा मांडीवर पडत होता. तिसऱ्या ठोक्याला तो जोरात रुतला.

"हे काय आहे, पुनीतभाऊ?"

"पाइप, चाचा. एलेव्हेटरच्या खड्ड्यातून वर स्विचबोर्डकडे जातो ना, तो. मशिनीने थडथडत असेल. पण बीट बघा काय मिळालाय! अख्खा ट्रॅक त्याच्यावर उभा आहे."

अमीनचाचा हसले नाहीत.

"पाइप आपोआप तीन वेळा थडथडत नाही."

मिलच्या गोंगाटात माणसाचा आवाज पोचत नाही. खालचा खड्डा वरून दिसत नाही. डाळ वर चढवणारा एलेव्हेटर अडकला की तो बंद करून कोणीतरी खड्ड्यात उतरायचं आणि पाइपवर पान्याने तीन ठोके द्यायचे. तीन म्हणजे मी आत आहे, स्विचला हात लावू नका. दोन म्हणजे बाहेर आलो, चालू करा. कामगारांचा हा आपसातला नियम, अमीनचाचांनीच बसवलेला. ऑफिसात बसणाऱ्या शेठच्या मुलाला तो कोणी सांगितला नव्हता.

हात गेला त्या दिवशी वर स्विचवर चिंधा होता, त्यांचा जिवाचा दोस्त. त्याने मशिन चालू केलं. नंतर सगळ्यांसमोर रडत म्हणाला, "माले काहीच ऐकू उनं नही." मग मिलमध्ये ठरलं, अमीन ठोके द्यायला विसरला. ज्याने नियम शिकवला, तोच विसरला. तेव्हापासून चिंधा या घराची पायरी चढला नव्हता. अमीनचाचा आधी भांडले, मग गप्प झाले. अलीकडे तर नमाजनंतर हसीबला विचारायचे, "बेटा, खरंच विसरलो असेन का रे मी?"

"मूळ आवाज आहे?" त्यांनी विचारलं. "हे असं ओढून ताणून केलेलं नको."

"आहे ना." पुनीतने उत्साहाने स्वतःचा लॅपटॉप उघडला. फाइलवरची तारीख हसीबने वाचली. 

"ही त्याच दिवसाची आहे."

"असेल," पुनीत म्हणाला. "मी बीट मिळाल्या मिळाल्या ऑफिसात ऐकायला पळालो होतो. खालची धावाधाव नंतर कळली." आणि त्याने ठोक्यांच्या जागेपासून फाइल लावली.

ठक. ठक. ठक्क.

खऱ्या वेगाने ते ठोके छोटे वाटले. घाई नसलेल्या माणसाचे. पुन्हा तीन, आणि पुन्हा तिसरा जड.

"चिंधाचे तिन्ही सारखे पडतात," अमीनचाचा म्हणाले. "तिसरा जड माझा." त्यांनी डाव्या हाताने उजवा कोपर धरला. "दिले होते. मी दिले होते."

हसीब उठला. त्याने खुंटीवरची गाडीची चावी ओढली.

"म्हणजे चिंधानाना खोटं बोलला. इतके दिवस!"

"मी येतो," पुनीत म्हणाला. तोही रागाने उठला. "पप्पांना सांगतो. आजच्या आज काढतील त्याला. चाचा, पोलिसांत जाऊ आपण. पुरावा आहे हा."

"बसा दोघं," अमीनचाचा म्हणाले. "चिंधाने माझ्या पोरीच्या लग्नात पंगती वाढल्या. ऐकूनही त्याने बटण दाबलं असेल, तर मला ते नीट ऐकू दे. सुरुवातीपासून लाव."

पुनीतने फाइल सुरुवातीला नेली.

मिलचा गोंगाट सुरू झाला. मग खरखर, जाड कापड धातूवर घासल्यासारखी. गोंगाट हळूहळू बुजत गेला, दार लावत जावं तसा. हसीब चावी हातात घेऊन उंबऱ्यात थांबला. कापड आवळल्याचा एक करकर आवाज आला. सगळं मुकं झालं.

आणि त्या शांततेत, माइकच्या अगदी जवळून, पुनीतचा खुशीतला आवाज म्हणाला, "टेक दोन. माइकसकट पाइपला गोणपाट गच्च गुंडाळलंय. आता हा पाइप फक्त मलाच ऐकू येणार."