अडकलेलं कार्ड

बब्रुवान आबांनी आपल्या घराचं कार्ड अंगठ्यानं दाबलं, ओढत ओढत फोनच्या वरच्या टोकाला नेलं आणि अंगठा उचलला. कार्ड टुणकन परत खाली.

"मला बघूनच उडी मारतंय हे," आबा म्हणाले.

"माझंबी तेच," वैजनाथ तात्या म्हणाले. उभ्या जन्मात या दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

ईट गावाच्या पलीकडच्या त्या गावात पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून दोघं दरसाल भांडत. गेल्या साली भांडण इतकं लांबलं की खांदेकरी उभ्याउभ्या झोपले आणि पालखी देवळातच राहिली. म्हणून पुण्यात ॲप बनवणाऱ्या करिश्मानं आपल्या गावासाठी एक ॲप केलं. घरटी एक कार्ड. यात्रा कमिटीच्या फोनवर ती ओढून क्रम लावायचा. दिवेलागणीला जे कार्ड सगळ्यात वर, त्याचा पहिला मान. चालतंय का बघायला तिनं घरच्या शेळीचं, चांदणीचं, कार्ड करून सगळ्यात वर ठेवलं. ते काढायच्या आतच फोननं नवीन अपडेट घेतलं. आता कार्ड ओढलं की फोनला वाटे, माणूस नुसती यादी सरकवतोय. कार्ड सुटून माघारी जाई. काढून टाकायचं कार्डही कचऱ्याच्या डब्यात ओढूनच टाकावं लागे. चांदणी वरच अडकली.

"दिवे लागायच्या आत नीट कर," कमिटीनं बजावलं. "न्हायतर यंदाबी देव बसून ऱ्हाईल."

करिश्मा देवळाच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली. दुपारी आबा एकटेच आले.

"झालं का?"

"होत आलंय, आबा."

आबांनी इकडंतिकडं बघितलं. "न्हाय झालं तरी चालंल, पोरी. माझं वर न्हाय गेलं तर न्हाय. त्या वैज्याचं तेवढं जाऊ देऊ नको."

आबा गेले. मागच्या दारानं तात्या आले. त्यांनीही हेच सांगितलं, फक्त नाव बदलून.

करिश्माचं काम खरं तर झालं होतं. कार्डाच्या कोपऱ्यात तिनं बोटानं धरायला छोटीशी मूठ दिली होती. तिला धरून ओढलं की कार्ड नेऊ तिथं गुमान बसत होतं. तिनं लॅपटॉप मिटला. नीट केलेलं ॲप कमिटीच्या फोनवर चढवलंच नाही.

दिवे लागले, तेव्हा चांदणीचंच कार्ड सगळ्यात वर. शेळीचा खांदा पालखीला पुरेना, म्हणून चांदणीला हार घालून सगळ्यांच्या पुढं चालवलं. वेशीपर्यंत निम्मा हार तिनं खाल्ला होता. शेळीपुढं कुणाचं काय चालणार? आबा आणि तात्या शेजारीशेजारी मागून चालले, आणि पालखी गावभर फिरून वेळेत परत आली.

पुढच्या साली यात्रेच्या आदल्या दिवशी आबा करिश्माच्या दारात उभे. हातात दोरी, दोरीला शिंगं रंगवलेली शेळी.

"हिचा फोटो काढून कार्ड कर, पोरी. चांदणी आता लई थकली."

त्यांच्या मागं तात्या उभे होते. त्यांच्या शेळीला झूल होती.

करिश्मानं कमिटीचा फोन उघडला आणि कार्डं सोडवणारं नवीन अपडेट तर आलं नाही ना, ते बघितलं.