शेळीला माफी
मिशनच्या मडमेनं विलायतेला परतताना दिलेलं नवं लुगडं जावेच्या शेळीनं खाल्लं. हिरीबाईनं शेळीला लगेच माफ केलं. पण जाऊ हसली होती. मनात अढी ठेवून चर्चमधल्या प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नाही, असा केनवडच्या ख्रिस्ती मंडळीचा नियम. म्हणून हिरीबाई दर महिन्याला उपाशीच उठायची. आज पाळकसाहेब तुकडा धरून कंटाळले. “तिनं माफी मागितली ना? माफ केलं म्हण बाई.” “तोंडानं म्हनतो जी, पन देवाले आतलं दिसते. त्याचं काय करू?” हिरीबाई रडकुंडीला आली. शेजारी गुडघे टेकलेली जाऊ वैतागली. “मंग माहं बी आयक. थे माफी खोटी होती. मले अजून हासू येते.” पाळकसाहेबांनी डोळे मिटले. हिरीबाईनं जावेकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत ही बाई पहिल्यांदाच खरं बोलली. “पयले हिले द्या जी,” ती म्हणाली. “मंग मले.”