आठशे मीटर

शाळा बंद करण्याचा आदेश घेऊन एक अधिकारी इंदूरहून सांवेरजवळच्या खेड्यात आले होते. एकोणीस मुलं पलीकडच्या गावातल्या शाळेत जाणार होती. मुख्याध्यापिका पंचशीलाताई सहमतिपत्रावर सही करेनात. "आठशे मीटर तर आहे, मॅडमजी. नकाशावर नापलंय," ते चिडले. "मग मुलांबरोबर एकदा चालून बघा ना, सर." ते निघाले. मुलांची रांग वाटेतल्या हायवेपाशी थांबली. ट्रकमागून ट्रक सुसाट जात होते. अधिकाऱ्यांनी हात वर करून पाऊल टाकलं, तोच एक डंपर हॉर्न देत अंगावर आला. पंचशीलाताईंनी त्यांना दंडाला धरून मागे खेचलं. मुलं किंचाळली. "ऊपर से ऑर्डर आहे, मॅडम," ते पुटपुटले. "मग वर कळवा, तुम्हालाच रस्ता ओलांडता आला नाही." अधिकाऱ्यांनी आदेश उलटा केला, मागे तेच लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं.