चोवीस तारखेची जागा

"अंगावर घातलेलं वजनात धरत नाहीत," असं म्हणत मुलाने तिसरा स्वेटरही आईच्या डोक्यावरून खाली ओढला.

विमानतळाच्या रांगेत, ऐन दुपारी, आई तीन स्वेटर घालून उभी राहिली. तिचे हात आता अंगाला टेकत नव्हते. मुलाने खिशातून हुकाचा छोटा वजनकाटा काढला आणि बॅग पुन्हा एकदा उचलून पाहिली. काटा पंधरा किलोंच्या जरासा अलीकडे थांबला, तेव्हा परीक्षेत पहिला आल्यासारखं समाधान त्याच्या चेहऱ्यावर पसरलं.

"एवढंच असेल तर मलाच बॅगेत घाल," आई म्हणाली. "माझं तिकीट तरी वाचेल."

"तू पंधरा किलोंत बसणार आहेस का?"

आई हसली. तिला परदेशात आपल्याकडे न्यायची ही तिकिटं मिळवण्यासाठी तो तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून बसला होता. मंगळवारची दुपार, मधल्या विमानतळावर नऊ तासांचा मुक्काम, खाणंपिणं ज्याचं त्याने पाहायचं. त्याच्या ओळखीत आजवर इतक्या स्वस्तात कोणी गेलं नव्हतं, हे त्याने कालपासून तिला चार वेळा ऐकवलं होतं आणि तिनेही चारही वेळा कौतुक केलं होतं.

रांग दोन पावलं सरकली.

"परत येईन तेव्हा मी टॅक्सीने घरी जाईन," आई म्हणाली. "उगाच कोणाला घ्यायला पाठवू नकोस. शेजारणीला सांगून ठेवलंय, पुढल्या महिन्याच्या तेवीसला घर झाडून ठेव म्हणून. बंद घराला वास धरतो."

मुलगा बॅगेची चेन चाचपत राहिला.

"आई, ते चोवीस तारखेचं मनात धरून बसू नकोस."

"का? तारीख बदलली?"

"ते तिकीट वापरायचं नाहीये." त्याने आवाज खाली आणला. "तुझं नुसतं जाण्याचं काढलं असतं तर जवळजवळ दीडपट पडत होतं. जाण्यायेण्याचं मिळून स्वस्त. म्हणून लोक दोन्ही काढतात आणि परतीचं सोडून देतात. सगळेच करतात."

"सोडून देतात?"

"हो."

"आणि मग मी यायचं कशाने?"

त्याने पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीकडे पाहिलं. "यायचंय कशाला? इथे आता आहे कोण तुझं? घर मी एजंटाच्या ताब्यात दिलंय. एक तारखेला भाडेकरू राहायला येतायत. चांगली माणसं आहेत. तुला तिथे पोचल्यावर निवांत सांगणार होतो."

घराची किल्ली आईच्या पर्समध्ये होती. मग एजंटाला दुसरी कुठून मिळाली, ते तिला उमगेना. मग उमगलं. गुरुवारी तो तिच्याकडून किल्ली घेऊन दूध आणायला म्हणून गेला होता आणि पाऊण तासाने, दूध न घेता, परत आला होता. दुकान बंद होतं म्हणाला होता. तिने त्याला कोरा चहा करून दिला होता.

"आणि हे बघ," तो घाईघाईने म्हणाला, "काउंटरवर यातलं अक्षर काढू नकोस. त्यांना कळलं तर वरचे पैसे वसूल करतात. विचारलंच, तर म्हणायचं, चोवीसला परत येणार."

"म्हणेन की," आई म्हणाली. "मी दुसरं काय म्हणत होते?"

त्यांचा नंबर आला. एकतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरमागे काढलेल्या आईची नजर सवयीने समोरच्या मुलीच्या हातांकडे गेली. हात चपळ होते, पण मुलगी सकाळपासून खुर्चीवरून उठलेली दिसत नव्हती. बॅग पट्ट्यावर चढली. वजन बरोबर भरलं. मुलाने सुटकेचा निःश्वास सोडला.

"परतीची जागाही आत्ताच राखून ठेवू का, आजी?" मुलीने विचारलं.

"त्याची काही गरज नाही," मुलगा म्हणाला.

"आज फुकट आहे, सर. नंतर घेतलीत तर पैसे पडतील."

फुकट मिळणाऱ्या गोष्टीला नाही म्हणायची मुलाला सवय नव्हती, आणि गरज का नाही हे सांगायची इथे सोय नव्हती.

"ठेव ना," आई म्हणाली. "खिडकीची दे. विमान उतरताना पाण्याची एक मोठी टाकी दिसते, ती कुठल्या बाजूला? तिच्या मागेच आमची इमारत आहे."

"डावीकडे, आजी. आम्ही रोज बघतो." मुलीने दोन-तीन बटणं दाबली. "झालं. बावीस अ. पण एवढ्यातच परत? मुलाकडे करमत नाही वाटतं?"

"करमतं की," आई म्हणाली. "पण आपलं घर टाकून माणूस किती दिवस राहणार?"

मुलगी हसली आणि तिने कागद पुढे केले. मुलाने वर न बघता दोघांचे पासपोर्ट गोळा केले.

काउंटर बराच मागे पडल्यावर तो म्हणाला, "उगाच अडवून ठेवलीस, आई. ती जागा रिकामीच जाणार."

"जाऊ दे," आई म्हणाली. "खिडकीशी आहे, आपलं घर तरी बघत जाईल."