कार्डावरचं दुसरं नाव

"या घरात स्वयंपाक किती ठिकाणी होतो?"

तपासनीस बाईंनी दारातच विचारलं. हातात फाइल, पायांत धुळीने भरलेल्या चपला. सकाळपासूनचं हे त्यांचं सहावं घर होतं.

धाकटी 'दोन' म्हणणार, तेवढ्यात मोठी म्हणाली, "एकाच ठिकाणी."

धाकटीने वळून तिच्याकडे पाहिलं. दोघी जावा. दोघींचेही नवरे गेलेले, मूलबाळ कुणालाच नाही. एकाच घरात राहायच्या आणि नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. सासूबाई गेल्या त्या दिवशी धाकटी कामावर होती. चार माणसांत मोठी बोलून गेली होती, "ही घरात थांबली असती तर म्हातारी वाचली असती." महिन्याभरात धाकटीने सुतार बोलावला आणि स्वयंपाकघराच्या मधोमध प्लायवूडची भिंत घातली. अलीकडे मोठीची शेगडी, पलीकडे धाकटीची.

धाकटी एका लॉन्ड्रीत रफूचं काम करायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सुईत दोरा ओवायला तिला आता शेजारच्या इस्त्रीवाल्याला हाक मारावी लागे. दोन महिने वाट बघतो, मालक म्हणाला होता, पुढे मला दुसरी बाई बघावी लागेल. उपचारांत सवलत देणारं सरकारी कार्ड मिळालं असतं तर ऑपरेशन जवळजवळ फुकटात झालं असतं. तिने अर्ज केला. एकट्या माणसाच्या मर्यादेपेक्षा पगार जरासा जास्त, म्हणून अर्ज नामंजूर झाला. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नाही.

पण दोघींची टपालाची पेटी एकच होती. नामंजुरीचं पत्र आधी मोठीच्या हातात पडलं. तिने ते वाचलं, पुन्हा चिकटवलं आणि धाकटीच्या दाराखालून आत सरकवलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःचं कार्ड घेऊन कचेरीत गेली. एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोघी असतील तर दोघींचं उत्पन्न मिळून धरतात आणि ते दोघींसाठीच्या वाढीव मर्यादेत बसतं, असं खिडकीवरच्या कारकुनाने तिला तीनदा समजावून सांगितलं. तिने आपल्या कार्डावर जावेचं नाव चढवायचा अर्ज भरला. धाकटीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

तपासनीस बाई आत आल्या. प्लायवूडवर त्यांनी बोटाने टकटक केलं.

"ही भिंत कशाला?"

"फोडणीचा ठसका बाहेर जाऊ नये म्हणून," मोठी म्हणाली.

"आणि शेगड्या दोन?"

"एक बिघडली तर उपाशी राहायचं का?"

बाई हसल्या नाहीत. वीस वर्षं त्या लोकांची घरं बघत होत्या. "काकू, माहिती खोटी निघाली तर यांचं नाव चढत नाहीच, तुमचंही कार्ड रद्द होतं. तुमची साखरेची औषधं त्याच कार्डावर मिळतात ना?"

"हो. त्याच कार्डावर."

"तरी एकच स्वयंपाक?"

"एकच."

मग बाई धाकटीकडे वळल्या. "तुम्ही सांगा. आज काय केलंय जेवायला?"

मोठीची पातेली झाकलेली होती. तिने ओट्याची कड घट्ट धरली. आता सगळं संपलं, असं तिला वाटलं. धाकटीने 'मला काय माहीत' म्हटलं असतं तरी ते खरंच होतं.

धाकटीने झाकलेल्या पातेल्यांकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "कोबीची भाजी. लसणाची फोडणी. मीठ बेताचंच असणार, ताईंना ब्लडप्रेशर आहे. आणि भात आज लागलाय. वरण ठेवलं की भाताकडे लक्ष राहत नाही त्यांचं. नेहमीचंच आहे ते."

बाईंनी झाकण उचललं. कोबी होता. दुसऱ्या पातेल्यात त्यांनी उलथनं खाली घालून बघितलं. बुडाशी भात तांबूस झाला होता.

त्यांनी फाइल उघडली आणि उभ्याउभ्याच लिहिलं. "इथे सही करा."

धाकटीने पेन हातात घेतलं, पण तिला सहीची रेघ दिसेना. ती कागदावर अंदाजाने हात फिरवत राहिली. मोठी पुढे झाली. तिने जावेचं मनगट धरलं आणि पेनचं टोक रेघेवर टेकवलं. सही होईपर्यंत तिने ते मनगट सोडलं नाही.

"पंधरा दिवसांत कार्ड येईल," बाई म्हणाल्या. दारात थांबून त्यांनी चपला घातल्या. "भात लागला की त्यावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा. वास जातो." आणि त्या जिना उतरल्या.

घरात दोघीच उरल्या.

"माझ्या डोळ्यांचं कसं कळलं तुम्हाला?" धाकटीने विचारलं.

"पत्र तर नंतर आलं. त्याच्या आधीपासून पलीकडे रोज काहीतरी पडतंय, सांडतंय. मला ऐकू येतं सगळं."

"औषधं गेली असती तुमची. माझ्यासाठी कशाला खोटं बोललात, ताई?"

मोठीने मांडणीवरून दोन ताटं काढली. ताटं स्वच्छच होती, तरी ती बराच वेळ पुसत बसली.

"खोटं मी सासूबाई गेल्या तेव्हा बोलले," ती म्हणाली. "आजचं अजून खोटं ठरलेलं नाही. बस, वाढते."