अकरा बंड्या

ओव्हरसियर घनश्यामराव तिठ्यावर साखळी टाकून रस्त्याची रुंदी मोजत होते आणि गुणाबाई बाजाराच्या ओट्यावर उभ्या राहून त्यांच्यावर नजर ठेवून होत्या.

बेलघाटच्या या तिठ्यावर सावली गावचा रस्ता, मूल गावचा रस्ता आणि वैनगंगेच्या घाटाकडे उतरणारी वाट एकत्र येत. सहा वर्षांपूर्वी गुणाबाईंनी तिथली आपली चार एकर धानाची बांधी गुरुवारच्या बाजारासाठी दिली. मागोमाग पंचायतीने शेजारी धानाच्या गिरणीला परवानगी दिली. पुढे बांबूवाल्यांनी समोर थप्प्या लावल्या. आता पौषात दर गुरुवारी नदीपलीकडच्या गावांच्या बैलबंड्याही उथळ पाण्यातून उतरून तिथेच येत. तिठ्यापासून घाटापर्यंत चाकाला चाक लागे, आणि उतारूंची मोटार दोन-दोन तास खोळंबून राही.

"जागा कोणी दिली?" घनश्यामरावांनी विचारले.

"मीच देली."

"बाजार नव्हता तेव्हा इथून किती बंड्या जात?"

"कोन मोजून ठेवते, साहेब? तुमच्यासारखा रिकामा मानूस आमच्या गावात नाई."

घनश्यामराव हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिले आणि वही लगेच मिटली.

"मोजनी कायच्यासाठी हाय?" गुणाबाईंनी सरळ विचारले.

"वरचा हुकूम आहे, बाई. सांगता येत नाही. उद्या बाजारच्या दिवशी, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत, जाणारी-येणारी प्रत्येक बंडी मोजायची, एवढेच माझे काम."

गुणाबाईंना एवढे पुरेसे होते. ज्याचा हेतू चांगला, तो माणूस हेतू झाकत नाही, असे त्यांचे मत होते.

त्याच दुपारी कोतवाल लटारू नवी बातमी घेऊन आला. "बाई, आंबेटोल्याले अस्साच एक साहेब आल्ता. बंड्या मोजल्या न् गेला. महिन्याभरात कागद आला, का रस्ता अडते, बाजार उठवा. आता थो बाजार तीन कोस दूर भरते."

मासे विकणारी भागीरथा टोपली टेकवून ऐकत होती. तिचा चेहरा उतरला. "मोठ्या बाई, बाजार गेला त आमी ढिवरं काय करावं? तीन कोस डोक्यावर नेइपर्यंत मासोयी सडून जाईल. आमची वीस घरं हायत."

"बाजार कोठी जात नाई," गुणाबाई म्हणाल्या. "लटारू, साऱ्या गावाइले निरोप दे. उद्या तिठ्यावर एकही बंडी दिसली नाई पाहिजे. अलीकडच्यांनी तलावामागं, पळसाच्या झुडपात बैल सोडावे. पलीकडच्यांनी नदीपल्याडच थांबावं. माल कावडीनं आना, डोक्यावर आना."

"न् धान, बाई? पोते डोक्यावर?"

"तुह्या डोक्यात तसंही काई नाई. वर एक पोतं आलं त काय बिघडते?"

भागीरथा तोंडाला पदर लावून हसली. लटारू मुंडासे सावरत निघाला. गुणाबाईंचा शब्द मोडण्याची रीत त्या मुलखात नव्हती.

गुरुवारी बाजार भरला आणि असा भरला, की पाय ठेवायला जागा उरली नाही. मिरची, जवस, लाखोळीची डाळ, मडकी, सुकी मासळी, सारे काही आले. पण आले ते माणसांच्या खांद्यांवरून. ढिवरांचे डोंगे दिवसभर नदीपलीकडून माल ओढत होते. गिरणीपुढे घामाघूम माणसे धानाची पोती उतरवीत होती. आणि तिन्ही रस्ते मोकळे पडले होते. मोटार तर वेळेच्या आधीच आली. ड्रायव्हर खाली उतरून आज बाजार आहे की नाही, अशी चौकशी करू लागला.

घनश्यामराव मोहाच्या झाडाखाली वही उघडून बसले होते. मधूनमधून ते उठत, घाटाच्या दिशेने पाहत आणि परत बसत.

"माणसे पुष्कळ दिसतात," ते म्हणाले. "बंड्या नाहीत."

"आमच्याकडले लोक पायी चालते, साहेब."

"पोती घेऊन?"

"अंगात रग हाय. धानाची पेज पेते ना."

घनश्यामरावांनी त्यांच्याकडे क्षणभर रोखून पाहिले. गुणाबाईंनी नजर हलवली नाही. तेवढ्यात एक परगावची बंडी चुकून तिठ्यावर आली. लटारू धावत गेला आणि बैलांची वेसण धरून बंडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या कानाशी पुटपुटू लागला. पण उशीर झाला होता. वहीत रेघ उमटली.

दिवस मावळला तेव्हा वहीत अशा अकरा रेघा होत्या. घनश्यामरावांनी त्या पुन्हा एकदा मोजल्या, खाली सही केली आणि लटारूला साक्षीदार म्हणून अंगठा उठवायला लावला. मग त्यांचा चेहरा दोन दिवसांत प्रथमच सैल झाला.

"आता सांगायला हरकत नाही," ते म्हणाले. "बाई, मी तुम्हाला हात जोडतो."

"काऊन?" गुणाबाईंच्या आवाजात अजून धार होती. "बाजार राह्यते का जाते, तेवढं सांगा."

"बाजार? बाजाराला कोण हात लावतो? वैनगंगेवर पूल व्हायचा आहे. बेलघाटला बांधायचा की करंजघाटला, हे बंड्यांच्या संख्येवर ठरणार होते. हेतू कळला की लोक खोट्या बंड्या आणून उभ्या करतात, म्हणून गुप्त ठेवायचा हुकूम होता. करंजघाटला तो फुटलाच. त्याच त्या बंड्या चार-चार वेळा फिरवल्या त्यांनी. खोट्या सगळ्या वजा केल्या, तरी ऐंशी उरल्या. कागदोपत्री मला तुमच्याच घाटाची आशा होती. पण एवढा बाजार भरवून तुम्ही एकही खोटी बंडी उभी केली नाहीत. इतके सरळ गाव मी नोकरीत पाहिले नाही."

गुणाबाईंनी तलावामागच्या पळसाच्या झुडपाकडे पाहिले.

"आणि गर्दीची चिंता आता सोडा," घनश्यामराव वही पिशवीत घालीत प्रेमाने म्हणाले. "करंजघाटला पूल झाला, की दोन वर्षांत या तिठ्यावर कुत्रेसुद्धा फिरकणार नाही."