मांदेली

"हात लावशील तर बघ, वामन्या!" गोमाने फ्लॉपी छातीशी धरली. "टाक्यांच्या सगळ्या वेळा मी या भाषेत लिहिल्यात. आता काय, घड्याळ घेऊन उभा राहू?"

बेटेगावच्या त्या प्लेटिंगच्या, धातूवर मुलामा चढवायच्या वर्कशॉपमध्ये टाक्यांतल्या ॲसिडचा वास भरला होता. वामनने खिशातून कंपनीचा कागद काढून पुढे केला. प्रती परत आल्या नाहीत तर नोकरी जाणार, शिवाय पोलिसांत तक्रार. गोमाने कागद दोनदा वाचला, फ्लॉपी टेबलावर आपटली आणि बाहेर जाऊन बिडी पेटवली. वामनने कॉम्प्युटरमधली भाषा पुसली. दारात ड्रायव्हर नवशा यादी घेऊन उभा होता. त्याने बेटेगावपुढे खूण केली.

भाषेचं नाव मांदेली, त्या बोटभर मासळीवरून. कॉम्प्युटरला कामं नेमून द्यायची एवढीशी भाषा. एका फ्लॉपीत मावून वर जागा उरायची. अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी: उघड, थांब, मोज, परत कर. तारापूरच्या एका रंगांच्या कारखान्यात, जेवणाच्या सुटीत आणि पाळी संपल्यावर, वामनने ती तीन वर्षांत रचली होती. आतली सगळी रचना फ्लॉपीवर उघडी असायची आणि वर लिहिलेलं असायचं: बघा, बदला, पुढे द्या. सहा ठिकाणी ती पोचली होती.

पंच्याण्णव साली मुंबईहून नवा मॅनेजर आला. कंपनीच्या यंत्रावर झालं ते कंपनीचं, म्हणाला. मूळ प्रत त्याने कपाटात बंद केली. बाकीच्या वामनने परत आणायच्या. रोज एक ठिकाण; सोबत जीप आणि नवशा.

बेटेगावहून परतताना नवशाने विचारलं, "भाऊ, पुसलं का ते परत येत नाय?"

"दुसरी प्रत असली तर येतं."

"आन एखाद्यानं गुपचूप ठेवली तर?"

"कंपनीला कळलं की माझी नोकरी गेली. का, मॅनेजरला सांगायचंय काही?"

"मी कशाला सांगू? इचारलं आपलं." नवशा हसला. "तुमी रडत होते का मगाशी?"

"डोळ्यांत वाफ गेली."

"वाफ तर मलाबी लागली. माजे डोले कोरडे हायत."

वामनने तोंड फिरवलं. हा माणूस आपल्यावर नजर ठेवायला दिलाय, हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी शिरगावला, मच्छीमारांच्या बर्फाच्या कारखान्यात, हिशेबनीस काशीबाईने फ्लॉपी काढूनच ठेवली होती. वामन भांडणाच्या तयारीने गेला होता.

"घे बाबा, तुजीच हाय ती," ती म्हणाली. "चाय पी आदी."

तिसऱ्या दिवशी माकुणसारच्या शाळेत तेच. शालू मॅडम मुलांना मांदेली शिकवायच्या. "पुसून टाका, दादा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला उशीर होत असेल." मागच्या बाकावरची एक मुलगी खुदकन हसली. शालूने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

मग पालघर, सफाळे, केळवे. कुणी कागद मागितला नाही, कुणी का म्हणून विचारलं नाही.

"कुणाला नकोच होती ती," घरी वामन बायकोला म्हणाला. "मीच आपला घेऊन नाचत होतो."

मंजुळाने त्याच्यापुढचं ताट तसंच उचललं.

जीपच्या मीटरचा आकडा रोज वहीत लिहिणं वामनकडे होतं. संध्याकाळी नवशा त्याला घरी सोडायचा, आणि सकाळी आकडा तीस-चाळीसने पुढे गेलेला असायचा.

"हे किलोमीटर कुठून आले?"

"मीटर म्हातारा जालाय, भाऊ. मनाला येल तसा चालतो."

शेवटच्या दिवशी वामनने सहाही फ्लॉप्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवल्या. मॅनेजरने त्या खणात टाकल्या आणि विचारलं, "डिझेल एवढं जास्त कसं गेलं?"

वामनला गप्प बसता आलं असतं. पण यादीवरच्या त्या खुणा त्याच्या मनातून जात नव्हत्या.

"मला सोडल्यावर नवशा जीप कुठंतरी नेतो," तो म्हणाला. "रोज."

दुसऱ्या सकाळी कामावरून काढलेला नवशा गेटवर चाव्या जमा करत होता. वामनला बघून थांबला.

"सगलीकडचं पुसलं ना, भाऊ?"

"सगळीकडचं."

"बरं जालं. तुमची नोकरी ऱ्हायली."

हा टोमणा आहे की काय, वामनला कळलं नाही. महिन्याभराने कानावर आलं, नवशा बायकोला, कमळीला, घेऊन वसईकडे वीटभट्टीवर गेला.

मार्चमध्ये पालघरच्या एस.टी. स्टँडवर शालू मॅडम भेटल्या. त्यांनी वामनला बाजूला घेतलं.

"दादा, मांदेली डहाणूपर्यंत पोचली. सतरा ठिकाणी चालते. बेटेगावचा गोमासुद्धा माझ्याकडून प्रत घेऊन गेला."

"पण मी माझ्या हातांनी पुसली होती."

"शाळेतली पुसलीत. माझ्या घरी होती ना एक. गोमा सोडून आम्हा पाचही जणांकडे तुमचा ड्रायव्हर आदल्या संध्याकाळी जीप घेऊन आला होता. उद्या पुसायला येतायत, एक प्रत काढून लपवा, म्हणाला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"त्यानेच शपथ घातली होती," शालू हसून म्हणाल्या. "वामनभाऊला कलू द्यायचं नाय, म्हणाला, त्याला कोनी इचारलं का तो खरं सांगून मोकला होतो."